कपावरचा कांट : स्वयंपाकघरातली कार्टून आणि त्यांचा संग्रह

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर चहा घेताना एका बाईंनी मला विचारलं होतं, "सर, तुम्ही सौंदर्यशास्त्र शिकवलंत, मग तुमच्या घरी त्या पांढऱ्या पाणघोड्याच्या कपात चहा का मिळतो?" त्या आमच्या घरी येऊन गेल्या होत्या, हे उघड आहे. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे. ज्यांना वाटत असेल की म्हातारा आता कप-बशांवर बोलायला लागला, त्यांना एवढंच सांगतो की भारतीय तत्त्वज्ञानात दोन हजार वर्षं आम्ही घटावरच बोलत आलो आहोत. घट आणि पट. मडकं आणि कापड. त्यात एका कपाची भर पडली तर काही बिघडत नाही.

आधी हकिकत सांगतो. आमची मुलगी फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या शेजारी एस्पो नावाच्या गावात राहते. तिथे आपली बरीच मराठी मुलं नोकरीनिमित्त आहेत. ती भारतात यायची तेव्हा दर खेपेला आईसाठी एक कप आणायची. चिनी मातीचा, जाडसर, सरळ भिंतींचा, आणि त्याच्यावर चित्र. गोल पोटाचा, मोठ्या नाकाचा, शेपटीवाला एक प्राणी. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी त्याला पहिल्या दिवसापासून पाणघोडाच म्हणतात. तो पाणघोडा नाही. त्याचं नाव मूमिन. आणि हे वेड माझं नाही, आमच्या सौभाग्यवतींचं आहे. त्या समोर बसल्या आहेत, त्यामुळे मी जपून बोलतो. कपांपाठोपाठ चहाचा डबा आला, कापडी हातमोजा आला, लोणी लावायची लाकडी सुरी आली, मीठ-मिरपुडीच्या बाटल्या आल्या. आज आमच्या ओट्यावर नजर टाकाल तिथून कोणी ना कोणी तुमच्याकडे बघत असतं.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? मी म्हटलं, हा खुळचटपणा आहे. पोरकट आहे. सत्तरीला आलेल्या माणसांच्या घरात कार्टून कशाला? असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. मग एकदा मुलीनं मला या मूमिनची जन्मकथा सांगितली आणि माझी बोलती बंद झाली. ती कथा अशी आहे.

तोवे यान्सन ही मूमिनची निर्माती. जन्म १९१४, मृत्यू २००१. फिनलंडमधली स्वीडिश भाषिक चित्रकार. वडील शिल्पकार, आई चित्रकार, घर म्हणजे कार्यशाळाच. उन्हाळ्यात हे कुटुंब समुद्रातल्या बेटांवर राहायला जायचं. तिथे एकदा तिचा भावाशी वाद झाला. वाद कशावरून? इमॅन्युएल कांटवरून! आता बघा, आपल्याकडे भावंडांचे वाद कशावरून होतात, आणि तिथे कशावरून झाला. वादात ती हरली. चिडली. आणि तिथल्या बाहेरच्या शौचालयाच्या भिंतीवर तिनं तिला सुचेल तेवढा कुरूप प्राणी काढला आणि खाली नाव लिहिलं, कांट. मोठ्या नाकाचा तो प्राणी म्हणजे मूमिनचं पहिलं रूप. पुढे व्यंगचित्रं काढताना ती सहीशेजारी तसाच एक छोटा प्राणी काढू लागली. त्या काळात ती 'गार्म' नावाच्या नियतकालिकासाठी काम करायची आणि तिथे तिनं हिटलरचीही टर उडवली होती.

हा झाला चेहरा. नाव कुठून आलं? ते स्वयंपाकघरातून आलं. शिकायला ती स्टॉकहोमला मामाकडे राहायची. रात्री स्वयंपाकघरात जाऊन काहीबाही खायची सवय. मामानं तिला भीती घातली की चुलीच्या मागे मूमिन-ट्रोल राहतात आणि ते खाणाऱ्याच्या मानेवर गार फुंकर मारतात. आपल्याकडे बागुलबुवा असतो ना, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे चेहरा कांटचा आणि वस्ती चुलीमागे. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला याच्यावर काही बोलता येईल का, सांगा. तीस वर्षं मी ज्याची पुस्तकं शिकवली, त्याच्या कपातून मी चहा पितो आहे.

१९४५ मध्ये मूमिनचं पहिलं पुस्तक आलं. १९५४ पासून लंडनच्या 'ईव्हिनिंग न्यूज'मध्ये चित्रपट्टी सुरू झाली आणि मग तो प्राणी जगभर गेला. त्याच दशकात अराबिया या कारखान्यानं मूमिनची चित्रं असलेली मुलांची भांडी काढली. अराबियाचा अरबस्तानाशी काही संबंध नाही बरं का. १८७३ साली हेलसिंकीत ज्या भागात हा कारखाना उभा राहिला त्या भागाचं ते नाव. आपण ज्या कपांबद्दल बोलतो आहोत ते मात्र १९९० चे. त्याच वर्षी मूमिनची जपानी बनावटीची दूरचित्रवाणी मालिका आली, आणि एक नवी लाट उसळली.

आता इथे थोडं थांबतो, कारण मला सगळ्यात रस वाटला तो या जागी. कपावर चित्र आहे, पण कप कोणाचा? त्या कपाचा आकार काय फ्रांक नावाच्या रचनाकाराचा आहे. हा विसाव्या शतकातला फार मोठा माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडमध्ये घरं लहान, पैसा कमी. बारा माणसांचा, सोनेरी काठाचा, फुलाफुलांचा जेवणाचा सेट ठेवायला ना जागा ना ऐपत. फ्रांक म्हणाला, सेट ही कल्पनाच नको. साध्या वाट्या, साध्या ताटल्या, एकात एक बसतील अशा, नक्षी अजिबात नाही. फक्त रंग. सुटी भांडी घ्या, कशाहीबरोबर काहीही ठेवा, एक फुटलं तर एकच आणा. त्या मालिकेचं नाव किल्टा, ती १९५३ ची. तिचाच सुधारलेला अवतार म्हणजे १९८१ चा टीमा, जास्त टणक मातीचा. फ्रांकचा पक्का विश्वास की रंग हीच भांड्याची शोभा, आणखी काही लागत नाही. तो १९८९ मध्ये वारला. १९९० मध्ये त्याच्या टीमाच्या कपावर मूमिन येऊन बसला!

मला सांगा, याला काय म्हणायचं? विटंबना म्हणायची का? मी आधी तसंच म्हणत होतो. कांटच्या भाषेत बोलायचं तर सौंदर्याचे दोन प्रकार. एक स्वतंत्र, म्हणजे फूल पाहिलं आणि आवडलं, ते कशासाठी आहे हा विचार मनात नाही. दुसरं आश्रित सौंदर्य, म्हणजे वस्तू कशासाठी आहे हे डोक्यात ठेवूनच ती सुंदर ठरते. घोडा, माणूस, इमारत. कांट म्हणतो की एखाद्या इमारतीवर डोळ्यांना सुखावणाऱ्या कितीतरी गोष्टी लावता आल्या असत्या, पण ते चर्च आहे ना, तिथे ते शोभणार नाही. 'निर्णयशक्तीची मीमांसा' हा त्याचा ग्रंथ १७९० चा. ज्यांना हे मराठीतून नीट वाचायचं असेल त्यांनी रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' काढावी, १९७४ ची. जड आहे, पण मराठीत असं पुस्तक आहे याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

तर कांटच्या हिशेबात कपाचं सौंदर्य आश्रित. कप चहासाठी. त्याचं काम गरम पेय धरणं, हाताला न भाजणं, ओठाला नीट लागणं. त्यावर चित्र काढायला हरकत नाही, पण चित्र कामाच्या आड येता कामा नये. आणि मी जेव्हा तो कप नीट हातात घेऊन पाहिला तेव्हा लक्षात आलं की इथे चित्र आड येत नाही. तोवे स्लोट्टे नावाच्या चित्रकर्तीनं यान्सनच्या जुन्या चित्रांतून आणि चित्रपट्ट्यांतून हे प्रसंग उचलून कपाभोवती गुंडाळले आहेत. फ्रांकच्या सरळ भिंतीमुळेच ते जमलं. कप पोटाशी फुगलेला असता तर चित्र फाकलं असतं. म्हणजे फ्रांकनं शोभा काढून टाकली म्हणून मूमिनला जागा मिळाली. कप फिरवत गेलात की गोष्ट पुढे सरकते. डाव्या हाताने धरणाऱ्याला एक बाजू दिसते, समोरच्याला दुसरी.

याच्या उलट काय होतं तेही बाजारात जाऊन बघा. मांजराच्या डोक्याचा कप, त्याला दोन कान, आणि ते कान बरोबर ओठाच्या जागी. प्यायचं कसं? बदकाची मान लांब केलेला चमचा, जो पातेल्यात उभा राहत नाही, उलटा होतो. आतल्या बाजूला बेडूक चिकटवलेला कप, ज्याच्या बगलेत घासणी जातच नाही. हे बघताक्षणी हसू येतं, विकत घेतलं जातं, आणि आठ दिवसांनी माळ्यावर जातं. खेळकर वस्तूला मी एकच परीक्षा लावतो. डोळे मिटून वापरता येते का? येत असेल तर डोळे उघडल्यावर जे दिसतं ते वरचं दान.

आता प्रश्न असा की स्वयंपाकघरातच हे चेहरे का हवेत? दिवाणखान्यात का नाही? आमच्या सौभाग्यवतींचं उत्तर सोपं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी रोज सकाळी सहाला ओट्यापाशी उभे राहिला आहात का?" प्रश्न बिनतोड होता. स्वयंपाकघरातलं काम संपत नाही. लेख लिहिला की संपतो, भिंत बांधली की संपते. भाजी संध्याकाळपर्यंत उरत नाही आणि सकाळची भांडी रात्री परत तिथेच. असं काम करणाऱ्या माणसाला कोणी सोबत लागते. रेडिओ असतो, देवाची तसबीर असते, खिडकीतली तुळस असते. आणि कोणाला पाणघोडा लागतो.

हे परदेशी खूळ आहे असंही समजू नका. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी उभं आयुष्य घालून गावोगावच्या घरातल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. १९७५ मध्ये ते शासनाला देऊन टाकलं. तिथले अडकित्ते बघा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. पण कोणाला त्यात घोडा दिसला, कोणाला पोपट दिसला, कोणाला बाई दिसली. सुपारी कातरली की पोपट चोच मिटणार. हा खेळच आहे. ज्या लोहारानं किंवा तांबटानं तो केला त्याला कार्टून हा शब्द माहीत नव्हता एवढंच. आणि अमूलची ती ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी? १९६६ पासून ती आपल्या जाहिरातींत आहे, लोण्याच्या पुडक्यावर बसून आपल्या फ्रीजमध्ये राहते आहे. तिला कोणी पोरकट म्हणत नाही.

आणखी एक सुचलं ते सांगतो. आपल्याकडे भातुकली आहे. इवलासा बंब, इवलं जातं, इवली परात. भातुकलीत स्वयंपाकघर खेळात येतं. मुलगी खोटा खोटा भात करते. ज्या वस्तूंबद्दल आपण बोलतो आहोत त्यात उलट होतं. इथे खेळ स्वयंपाकघरात येतो आणि भात खरा असतो. मला वाटतं म्हणूनच पन्नाशीच्या पुढच्या बायका या वस्तू जास्त आवडीनं घेतात. भातुकली अर्धवट टाकून ज्यांना खऱ्या चुलीपाशी जावं लागलं, त्यांचा तो डाव परत मांडलेला असतो. हे माझं अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. सौभाग्यवती मान हलवताहेत. होकारार्थी आहे की नकारार्थी, मला इथून दिसत नाही.

बरं, वस्तू आवडणं वेगळं आणि संग्रह करणं वेगळं. दोन कप म्हणजे आवड. चौदा कप म्हणजे संग्रह. आमच्याकडे चौदा आहेत. संग्रहाचा पेच काय, तर तो वापराच्या विरुद्ध दिशेला ओढतो. वॉल्टर बेंजामिन नावाचा जर्मन विचारवंत स्वतः पुस्तकांचा संग्राहक होता. १९३१ मध्ये आपल्या पुस्तकांच्या पेट्या उघडण्यावर त्यानं एक सुरेख निबंध लिहिला आहे. पुढे त्यानं असं मांडलं की संग्राहक वस्तूला उपयोगाच्या जाचातून सोडवतो. तिकीट संग्रही आलं की त्यानं पत्र जाणार नाही. नाणं संग्रही आलं की त्यानं भाजी येणार नाही. वस्तू मोकळी झाली. कल्पना छान आहे. पण कप?

इथे मला आपला धर्मकीर्ती आठवतो. सातव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित. त्याच्या मते सत् काय, खरं काय, तर जे काही कार्य करू शकतं ते. अर्थक्रियाकारित्व. मृगजळातलं पाणी खरं नाही, कारण त्यानं तहान भागत नाही. आता शोकेसमध्ये ठेवलेला कप घ्या. त्यात कधीच चहा ओतला जाणार नाही. तो कप आहे का? धर्मकीर्तीचे अभ्यासक मला माफ करोत, त्याला क्षणिक स्वलक्षणांबद्दल बोलायचं होतं, चहाबद्दल नाही. पण मी त्याचं बोट धरून म्हणतो की काचेआडचा कप हे कपाचं चित्र आहे. चित्रावरचं चित्र. फिनलंडमध्ये हे कप जमवणारे बरेच जण ते रोज वापरतात, घरातल्या प्रत्येकाचा कप ठरलेला असतो, असं आमची मुलगी सांगते. आमच्याकडे मात्र पहिली पाच-सहा वर्षं सगळे कप काचेच्या कपाटात होते. पाहुणे आले की दाखवायचे. आणि त्याच पाहुण्यांना चहा स्टीलच्या कपातून! मराठी घरात चांगली वस्तू म्हणजे न वापरायची वस्तू. चादर ट्रंकेत, चांदीचं ताट बँकेत.

कप कपाटातून बाहेर कसे आले? आमच्या घरचे रोजचे कप एकदा एकदम संपले, म्हणजे फुटले, आणि पाऊस एवढा होता की नवे आणायला जाता येईना. एवढंच. मोठ्या बदलांना मोठी कारणं लागत नाहीत. मग चार वर्षं सगळं सुरळीत होतं. सकाळी चहा, मावशी येणार, कप घासणार, पालथे घालणार.

आणि मग एके दिवशी किमतीचा विषय निघाला. तो कसा निघतो तेही समजून घ्या. अराबिया हे कप कायम काढत नाही. एक चित्र काही वर्षं चालतं, मग बंद. शिवाय हिवाळ्यातला कप वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा, ते थोडेच दिवस मिळतात. बंद झालेल्या कपाला मागणी वाढते. २००४ मध्ये फाझर या चॉकलेट कंपनीसाठी एक कप काढला, फक्त ४०० नग. तो आज हजारो युरोंना जातो. कप तोच, फ्रांकचाच, माती तीच. संग्राहक कप उलटा करतात आणि बुडाचा शिक्का वाचतात, कोणत्या काळातला आहे ते त्यावरून कळतं. २०१६ मध्ये हेलसिंकीचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन थायलंड आणि रुमानियाला गेलं, तेव्हापासून तर फिनलंडमध्ये बनलेला या दोन शब्दांना वेगळा भाव आला. ही टंचाई आभाळातून पडलेली नाही, ठरवून केलेली आहे, हे डोळसपणे बघायला हवं. काही टंचाई मात्र कोणी ठरवत नाही. अमेरिकेत अँडी वॉरहॉल या चित्रकारानं बिस्किटं ठेवायच्या चिनी मातीच्या बरण्या जमवल्या होत्या. डुकराच्या, अस्वलाच्या आकाराच्या, जुन्या बाजारातून थोडक्या पैशांत उचललेल्या. तो १९८७ मध्ये गेला. पुढच्या वर्षी लिलावात १७५ बरण्यांचे सुमारे अडीच लाख डॉलर आले. बरण्या बदलल्या नव्हत्या. त्यांना हात लावणारा माणूस बदलला होता, म्हणजे गेला होता.

तर आमच्याकडे काय झालं. मुलगी फोनवर होती, फोन स्पीकरवर. ती म्हणाली, "आई, तो पिवळा कप आहे ना, तो बंद झालाय, इथे त्याला दोनशे युरो देतात." मी हिशेब करून मोठ्यानं म्हटलं, अरे बापरे, वीस हजार! मावशी ओट्यापाशी होत्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. सावकाश ठेवला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कपांना हात लावेनात. म्हणाल्या, "तुमचा पाणघोडा तुम्हीच धुवा. माझ्या हातून फुटला तर माझे दोन महिने जातील." मी म्हटलं, अहो, आम्ही कधी पैसे कापले का? त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही कापणार. पण मला ते आयुष्यभर लागेल ना."

मंडळी, मी नीतिशास्त्र शिकवलं आहे. पण वस्तू वापरण्यातला धोका कोण पत्करतो, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मी कौतुकानं सांगत होतो की आम्ही संग्रह वापरतो, काचेत ठेवत नाही. वापरत मी होतो. फुटण्याची धाकधूक मावशींच्या वाट्याला होती. कप वीस हजारांचा होता तेव्हाही तो तितकाच निसरडा होता जितका आदल्या दिवशी. पण आकडा कळला आणि साबणाच्या पाण्यातला त्यांचा हात बदलला. कोणत्याही संग्रहालयात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे कोणी भांडी घासत नाही. ज्यांना रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायच्या आहेत त्यांनी आधी आपल्या घरात भांडी कोण घासतं ते बघावं.

त्या दिवसापासून ते कप मी धुतो. पंच्याहत्तरीत नवं कौशल्य शिकलो, आणि शिकताना काही व्यावहारिक गोष्टी कळल्या, त्या सांगतो. या चित्रांचा एक छापील पापुद्रा असतो, त्याला डेकल म्हणतात. तो भांड्यावर बसवतात आणि भट्टीत भाजतात. बोट फिरवून बघा. चित्र लागत नसेल, गुळगुळीत असेल, तर ते काचेसारख्या झिलईत मुरलेलं आहे, टिकेल. हाताला उंचवटा लागला तर चित्र झिलईच्या वर आहे. तारेची घासणी लागली की ते जाणार. स्पंज वापरा. काचेच्या ग्लासवर बाहेरून रंगवलेलं चित्र असेल तर ओठ लागतो त्या काठापर्यंत ते आलेलं नसावं. हे मी उगाच सांगत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सनं श्रेक चित्रपटाचे रंगीत ग्लास काढले होते. चित्राच्या रंगात कॅडमियम सापडलं आणि सुमारे १ कोटी २० लाख ग्लास परत मागवावे लागले. जुने रंगीत ग्लास कोणाकडे असतील तर ते बघायला ठेवा, त्यात लिंबाचं सरबत करू नका. आंबट पदार्थ रंगातलं नको ते ओढून घेतो. मुलांच्या कार्टूनच्या ताटल्या बहुतेक मेलामाइनच्या असतात. त्या मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या नाहीत आणि त्यात उकळतं सार वाढायचं नाही. झिलईला तडा गेलेल्या कपात चहाचा रंग मुरतो, तो कितीही घासला तरी जात नाही. अशा कपात पेन ठेवावीत.

आणि टवका उडाला तर? आमच्या पिवळ्या कपाचा उडाला. माझ्याच हातून. नळाच्या तोटीला लागला. काठावर नखाएवढा पांढरा डाग. मी दोन दिवस घरात सांगितलंच नाही, कप उलटा ठेवत होतो. सत्तरी उलटलेल्या माणसाची ही अवस्था! तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी पाहिला. काही बोलल्या नाहीत. मुलीला फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं की आता त्याला फार तर तीस युरो मिळतील.

गंमत पुढे आहे. मावशींनी तो टवका बघितला. बोट फिरवून बघितला. विचारलं, "आता किती?" मी म्हटलं, तीन हजारसुद्धा नाही. त्यांनी तो कप उचलला, इतर भांड्यांत टाकला आणि खळखळून घासला. आता तो एकच कप त्या घासतात. बाकीचे तेरा माझ्याकडे. सकाळी त्या आल्या की त्यांना चहाही त्याच कपात हवा असतो. टवका त्या पलीकडे करतात आणि चांगल्या बाजूनं पितात. कांट त्यांच्याकडे तोंड करून असतो.

प्रश्न असतील तर घेतो. पहिला हात त्या कोपऱ्यातल्या बाईंचा, ज्यांनी हा विषय सुरू केला. आणि हो, चहा बाहेर ठेवलेला आहे. कागदी कपात आहे, त्याबद्दल क्षमस्व. मी घरून कप आणणार होतो, पण सौभाग्यवती म्हणाल्या की नेलेत तर तुम्हीच धुवायचे.